६४ वर्षं पूर्वेकडे

'द प्रिन्सेस मॅन' बघायला घेतली तेव्हा सगळ्यांसारखी मीही सुंग-यू आणि से-र्योंग यांच्यात गुंतले. २०११ साली केबीएस वाहिनीवर आलेली २४ भागांची ही कोरियन मालिका. काका पुतण्याचं सिंहासन बळकावतो, त्यासाठी एका निष्ठावान मंत्र्याचा काटा काढतो, आणि नेमका त्या मंत्र्याच्या मुलावर या काकाच्याच मुलीचा जीव जडलेला. दोन घरांत रक्ताचं वैर आणि मधे ही दोघं. पण निम्मी मालिका सरली तेव्हा माझं लक्ष त्या दोघांवरून हटलं होतं. ते कडेला उभ्या असलेल्या पोरसवदा राजाकडे जाऊ लागलं होतं.

कारण प्रेमिकांची गोष्ट आख्यायिकेतली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका लोककथांच्या संग्रहात ती येते, आणि तिथे नायक मंत्र्याचा मुलगा नसून नातू आहे. राजा मात्र खराखुरा होऊन गेला. दानजोंग. हंगुल लिपी देणाऱ्या सेजोंग राजाचा नातू. जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी आई गेली, १४५२ मध्ये वडील गेले, आणि अकरावं वर्षही पुरं झालेलं नसताना तो गादीवर बसला. पुढच्याच वर्षी सुयांग काका रात्रीच्या वेळी मंत्री किम जोंग-सो यांच्या दारात गेला, त्यांच्या हातात एक पत्र दिलं, आणि म्हातारा ते चांदण्यात धरून वाचत असताना सुयांगच्या माणसाने लोखंडी गदेचा घाव घातला. पुण्याच्या माणसाला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही. 'काका, मला वाचवा' आम्ही शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय.

तर मला योंगवॉलला जायचं होतं, त्या मुलाला शेवटी जिथे कैदेत ठेवलं त्या गावी. मामेबहीण बरोबर होती. तिनेही मालिका दोनदा पाहिलेली, आणि दोन्ही वेळा रडलेली.

सुरुवातीचे दिवस आम्ही एका टूर कंपनीबरोबर काढले. बुसान झालं, जेजू झालं, समुद्र छान होता. पण एक तक्रार करतेच. सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याला त्यांनी ४० मिनिटं दिली आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाला दोन तास. त्या राजवाड्यात तळ्यात उभारलेला ग्योंगहोएरू हा मोठा मंडप आहे. आजची इमारत १८६७ची, पण परंपरा सांगते की १४५५ मध्ये इथेच दानजोंगने राजमुद्रा काकाच्या हाती दिली. ती मुद्रा आणायचं काम सोंग साम-मुन या विद्वान अधिकाऱ्याच्या वाट्याला आलं, आणि ती छातीशी धरून तो ओक्साबोक्शी रडला. हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. भाड्याच्या हानबोकमधल्या, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाखातल्या पर्यटकांची फोटोसाठी रांग, आणि आमच्या गाईडची 'चला चला'. ज्यांना इतिहासासाठी कोरियाला जायचंय त्यांनी स्वतःचं स्वतः जावं, हे मी कळवळून सांगते.

पॅकेज संपल्यावर आम्ही मागे राहिलो आणि मग खरा प्रवास सुरू झाला.

आधी सोलमध्येच नोर्यांगजिनला गेलो. मासळीबाजार आणि सरकारी परीक्षांचे क्लासेस यासाठी हा भाग ओळखला जातो. तिथेच एका टेकाडावर दानजोंगला पुन्हा गादीवर बसवायचा कट करणाऱ्यांचं स्मारक आहे. १४५६ मध्ये कट फुटला. 'सहा हुतात्मे' म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण सातव्या माणसाची भर मागाहून पडल्यामुळे कबरींचे गवताळ उंचवटे सात. सोंग साम-मुनही त्यांतलाच. छळ चालू असतानाही त्याने नव्या राजाला 'महाराज' म्हटलं नाही. सांगतात, की त्याच्या घराची झडती घेतली तेव्हा नव्या राजाकडून मिळालेलं सगळं धान्य कोठारात तसंच रचून ठेवलेलं सापडलं, एक दाणा न खाल्लेलं. झोपायच्या खोलीत एक गवती चटई, बाकी काही नाही. मालिकेत निष्ठेवर लंबीचवडी भाषणं आहेत. मला त्या सगळ्यांपेक्षा हे न खाल्लेलं धान्य मोठं वाटतं.

योंगवॉल सोलपासून रेल्वेने साधारण अडीच तास. चोंग्यांगनी स्टेशनवरून गाडी, पुढे डोंगर आणि बोगदे. स्टेशनची इमारत जुन्या कोरियन घरासारखी, कौलारू. गाव छोटं आणि निवांत. जेवायला गोंद्रे-बाप मिळाला, म्हणजे एका रानभाजीची सुकवलेली पानं घालून शिजवलेला भात, वर सोया सॉस आणि तिळाचं तेल. आम्ही नुसतंच भाताकडे बघत बसलोय हे पाहून खाणावळीतल्या आजी आल्या, माझ्या हातून चमचा घेतला, सॉस घालून भात खालपासून वरपर्यंत कालवला आणि वाडगा पुढे सरकवला. मग बहिणीचाही कालवला. भाषेचा एक शब्द दोघींना येत नव्हता. सोलच्या चकचकीत हॉटेलांत असं कुणी जेवू घातलं नाही.

जेवून चोंगन्योंगपोला गेलो.

जागा वरच्या वाटेवरून दिसते. नदीने तीन बाजूंनी वळसा घातलाय, चौथ्या बाजूला उभा कडा आहे आणि मधे पाइनची दाट राई. निवडणाऱ्याने पूर्ण विचार करून निवडली होती. भिंत बांधायला नको, कुलूप नको. १४५७च्या उन्हाळ्यात दानजोंगची राजपदवी काढून घेऊन त्याला इथे आणून ठेवलं.

पलीकडे जायला होडीच लागते. आम्ही चढलो, इंजिन सुरू झालं आणि होडी काठाला लागलीसुद्धा. बहीण म्हणाली, "ताई, एवढंच पाणी?"

एवढंच. पलीकडचा माणूस हसला तर त्याचे दात दिसतील इतकं अंतर. मालिका बघताना माझ्या डोक्यात अथांग पात्र होतं, धुकं होतं, दूरचं बेट होतं. प्रत्यक्षात त्याला अल्याडचं सगळं दिसत असणार. चुलींचा धूर दिसत असणार, कुणी कुणाला हाक मारली तर ऐकू येत असणार. पोहून कुणीही गेलं असतं. पण पोहून जाणाऱ्याच्या तीन पिढ्या मारल्या जातील ही भीती पाण्यापेक्षा खोल होती. माणसाला कोंडायला पाणी लागतच नाही, भीती पुरते, हे मला त्या काठावर पायांखाली गोटे रुतत असताना कळलं. मी बराच वेळ तिथून पुढे सरकलेच नाही. आमच्या मागून आलेले लोक राईत जाऊन फोटो काढून परतही आले.

आत घर आहे, नव्याने बांधलेलं. खोल्यांत पुतळे बसवलेत, राजाचा आणि त्याला मुजरा करणाऱ्याचा. ते मला आवडले नाहीत, रिकामी खोली जास्त बोलली असती. पण अंगणाच्या भिंतीवरून एक पाइन आत वाकलंय, थेट घराच्या दिशेने, जमिनीला समांतर म्हणावं इतकं. राईतलं सगळ्यात मोठं पाइन ३० मीटर उंच आहे, वय सुमारे ६०० वर्षं. बुंधा जमिनीपासून थोड्या उंचीवर दुभंगलाय आणि त्या बेचक्यात तो मुलगा बसायचा असं सांगतात. खरं असो नसो, सोळा वर्षांचा मुलगा बसेल अशीच ती जागा आहे. शेजारी १७२६चा एक शिलालेख आहे. राजाच्या वास्तव्याची जागा म्हणून इथे सामान्यांना प्रवेश नाही, अशी मनाई करणारा. जिवंतपणी ज्याला बाहेर पडू दिलं नाही, त्याच्या जागेत पावणेतीनशे वर्षांनी कुणाला पाऊल टाकू दिलं नाही.

कड्याच्या बाजूला लाकडी पायऱ्या चढून गेलं की दगडांची एक रास लागते. ओबडधोबड, एकावर एक. राणीच्या आठवणीने त्याने स्वतः रचली असं मानतात. एक वयस्क कोरियन जोडपं तिथे होतं. आजोबा माहितीफलक मोठ्याने वाचत होते, आजी त्यांच्या दंडाला धरून ऐकत होत्या. वाचता वाचता ते मधेच थांबले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आजींनी घाई केली नाही.

त्या उन्हाळ्यात पूर आला म्हणून त्याला गावातल्या सरकारी वाड्यात हलवलं, आणि तिथेच शरद संपता संपता त्याचा शेवट झाला. विष दिलं, गळा आवळला, की राजदरबाराच्या बखरीत आहे तसं त्याने स्वतःच आयुष्य संपवलं, यावर वेगवेगळ्या हकिकती आहेत. प्रेत नदीत टाकलं. हात लावील त्याच्या कुळाचा नाश, असा हुकूम. तेव्हा ओम हुंग-दो नावाचा गावचा एक कारभारी मुलांना घेऊन रात्री गेला, प्रेत काढलं आणि डोंगरात नेऊन पुरलं. बर्फात एक हरीण बसलं होतं, ते उठून गेलं तिथली तेवढी जमीन कोरडी होती, तिथेच खड्डा खणला अशी आठवण लोक सांगतात. तेच आजचं जांगनुंग. १६९८ मध्ये त्याला राजपद परत मिळालं आणि त्या घाईतल्या खड्ड्याची राजसमाधी झाली. बाकीच्या समाध्या राजधानीच्या आसपास, ही एकटी इतक्या लांब, एका अरुंद धारेवर. खाली त्याच्यासाठी जीव दिलेल्या २६८ जणांच्या नावांच्या पाट्या ठेवलेलं दालन आहे. सेवकही त्यात आहेत, दासीही आहेत.

आणि राणी? मालिकेत तिला फार जागा नाही. म्हणून सोलला परतल्यावर आम्ही तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवला.

जोंगसून राणी. लग्न १४५४चं, ताटातूट १४५७ची. चोंग्येचोन ओढ्यावरच्या योंगदोग्यो पुलावर दोघांची शेवटची भेट झाली, असं सांगतात. आता तिथे नवा पूल आहे, खाली लोक कॉफी घेऊन फिरतात, जवळच जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. त्यानंतर ती शहराच्या पूर्व वेशीबाहेर झोपडीत राहिली. नव्या राजाने देऊ केलेलं घर, धान्य काही घेतलं नाही. कापड जांभळं रंगवून पोट भरलं. आसपासच्या बायकांनी तिच्या दारापाशी भाजीबाजार मांडला, पुरुषांना मज्जाव असलेला, म्हणजे पहारा ठेवणाऱ्यांच्या नजरेआड तिला चार भाज्या देता याव्यात. रोज सकाळ-संध्याकाळ ती जवळच्या टेकडीवर चढून पूर्वेकडे बघायची. १५२१ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात ती गेली. ६४ वर्षं.

ती टेकडी म्हणजे दोंगमांगबोंग. चांगसिन स्टेशनवरून उभ्या गल्ल्या चढत गेलो. हा शिवणकामाचा भाग आहे. दारं उघडी, आत शिलाई मशीन, वाफेच्या इस्त्र्या, आणि कापडाचे गठ्ठे लादून चढावर धापा टाकणाऱ्या मोटरसायकली. राणी ज्या वस्तीत कापड रंगवून जगली तिथे आजही बायका कापडावरच जगताहेत. वर छोटी बाग आणि मंडप. पूर्वेला इमारती, त्यांच्यामागे डोंगर. ती बघत होती तेव्हा इमारती नव्हत्या, पण योंगवॉल तेव्हाही दिसत नव्हतंच. बहीण कठड्याला टेकून बराच वेळ गप्प होती, आणि एरवी ती दोन मिनिटं गप्प बसत नाही.

शेवटी नाम्यांगजूला तिची समाधी, सारुंग, पाहिली. साधी, ठेंगणी, कठडा नाही. इथे मालिका पुन्हा भेटली. मालिकेतली ग्योंगहे राजकन्या, दानजोंगची मोठी बहीण, आणि तिचा नवरा जोंग जोंग, हे जोडपंही खरं होऊन गेलेलं. त्याला १४६१ मध्ये देहदंड झाला. त्यांच्या मुलाला राणीने आपला मानलं, आणि ती गेल्यावर त्याच जोंग घराण्याने तिला आपल्या कुळाच्या जागेत पुरलं. त्या घराण्याच्या कबरी अजून आसपास आहेत.

नवरा-बायको अजून वेगवेगळ्या जागी आहेत. १९९९ मध्ये इथलं एक पाइन नेऊन योंगवॉलला त्याच्या समाधीपाशी लावलं, एवढंच. परतीच्या बसमध्ये यावरून आमचं वाजलं. "ताई, झाड नेलं ना, मग त्यालाच आणायचं इकडे," बहीण म्हणाली. मी म्हटलं, अजिबात नाही. कुळाचा नाश पत्करून त्या गावच्या माणसाने त्याला उचललं. ते गाव दर एप्रिलला त्याच्यासाठी उत्सव करतं, आणि २००७ मध्ये, ५५० वर्षांनी, त्यांनी त्याची राजाला शोभेल अशी अंत्ययात्रा काढली. त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा हक्क कुणाला नाही. आणि राणीला ज्या घराने आपलं म्हटलं, तिथून तिलाही हलवू नये.

बहिणीला हे अजून पटलेलं नाही. तिचं म्हणणं, गावाचं ऋण, घराण्याचं ऋण सगळं मान्य, पण त्या दोघांना कुणी विचारलंय का?