तुम्ही विचारलंत म्हणून: आइन्स्टाईनवर खुली चर्चा का होत नाही?

"मॅडम, आइन्स्टाईनची थिअरी चूक आहे असं कितीतरी लोक म्हणून राहिले. मग त्याच्यावर खुली चर्चा काहून होत नाही?"

रमण विज्ञान केंद्रातलं व्याख्यान असो की धरमपेठेतलं एखादं लग्न, फिजिक्स शिकवणारी म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका वक्त्याने न्यूटन आणि आइन्स्टाईन दोघेही चुकले असं जाहीर केलं. त्यानंतर हा प्रश्न वाढला. त्याच काँग्रेसचं अधिवेशन २०२३ च्या जानेवारीत आपल्या नागपूर विद्यापीठात भरलं, तेव्हा तर तो रोजचाच झाला.

प्रश्न मला आवडतो. विचारणाऱ्याला विज्ञानाचं काही पडलेलं असतं, म्हणून तो विचारतो. त्यामुळे "तुम्हाला नाही कळणार" असं सांगून त्याला वाटेला लावणाऱ्या शिक्षकांचा मला मनापासून राग येतो. खुल्या चर्चेची मागणी निम्मी तरी अशा अपमानातून आलेली असते.

आइन्स्टाईनच्या थिअरीवर, म्हणजे सापेक्षतावादावर, चर्चा शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि ती खुलीच आहे. शंका घेण्याचा हक्क सगळ्यांना आहे. मात्र शंका घेणाऱ्याने मोजून तपासता येईल असा आकडा द्यायला हवा, आणि एकच आकडा देऊन भागत नाही.

समोरासमोरचा वादही होऊन गेला आहे. सप्टेंबर १९२० मध्ये जर्मनीतल्या बाद नाउहाइम गावी शास्त्रज्ञांच्या सभेत फिलिप लेनार्ड आणि आइन्स्टाईन एकमेकांसमोर उभे राहिले. लेनार्ड म्हणजे कोणी हौशी माणूस नव्हे, १९०५ चे नोबेल विजेते. सिद्धांत माणसाच्या साध्या समजुतीला पटला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. माणसाला काय सहज वाटतं हे काळानुसार बदलतं, असं आइन्स्टाईनचं म्हणणं. सभा संपली, कोणाचंच मत बदललं नाही. पुढे लेनार्ड नाझींच्या गोटात गेले आणि 'जर्मन' भौतिकशास्त्राचा झेंडा घेऊन ज्यू शास्त्रज्ञांवर तुटून पडले. व्यासपीठावरच्या वादाला असली वळणं फार लवकर लागतात, हे मला त्या प्रकरणातून दिसतं.

पण लेनार्ड यांच्याकडे एक मुद्दा होता आणि तो आकड्याचा होता, म्हणून त्यावर थोडं थांबते. सूर्याभोवती फिरताना बुधाची लंबवर्तुळाकार कक्षाही हळूहळू वळत जाते. इतर ग्रहांच्या ओढीचा हिशेब वजा केला तरी शतकाला ४३ विकला शिल्लक राहतात. विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. एवढासा फरक, पण न्यूटनच्या गणितात तो काही केल्या बसत नव्हता. त्यापायी लव्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने 'व्हल्कन' नावाचा एक ग्रहच कल्पिला आणि लोकांनी तो अनेक वर्षं आकाशात शोधला. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाईनच्या समीकरणांतून ४३ हा आकडा निघाला. वरून काही जोडावं लागलं नाही.

आता लेनार्ड यांचा मुद्दा. १८९८ मध्येच पॉल गेर्बर नावाच्या जर्मन शिक्षकाने सापेक्षतावादाचा गंधही नसलेलं एक सूत्र मांडलं होतं आणि त्यातूनही ४३ च येत होते! एर्न्स्ट गेर्के या आइन्स्टाईन-विरोधी भौतिकशास्त्रज्ञाने ते १९१७ मध्ये पुन्हा छापून आणलं आणि लेनार्ड यांनी तो मुद्दा उचलून धरला: बघा, आइन्स्टाईनची गरजच काय? आक्षेप वजनदार आहे. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनाही यावर चटकन उत्तर देता येत नसे. उत्तर असं, की तेच सूत्र सूर्याजवळून जाणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाला लावलं की हिशेब चुकतो. आइन्स्टाईनच्या समीकरणांतून प्रकाश १.७५ विकला वाकायला हवा होता, न्यूटनच्या पद्धतीने त्याच्या निम्मा. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात ब्राझीलमधल्या सोब्रालला १.९८ आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर १.६१ असं मोजमाप आलं. मोजमाप ओबडधोबड होतं आणि त्यावर टीकाही झाली. ती योग्यच होती. म्हणून तर पुढच्या ग्रहणांत पुन्हा मोजलं, नंतर रेडिओ दुर्बिणींनी मोजलं, आणि आता अनुमान आणि निरीक्षण यांत हजारात एकाइतकाही फरक उरलेला नाही.

शंकेला जागा कशी द्यावी याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण जून १९७७ चं आहे. जीपीएसची पूर्वतयारी म्हणून अमेरिकेने एनटीएस-२ हा उपग्रह सोडला. त्यातलं अणुघड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा पुढे जाईल असं सापेक्षतावाद सांगत होता, पण प्रकल्पातल्या काही जणांना ते पटत नव्हतं. त्यांना कोणी गप्प बसवलं नाही. वेग दुरुस्त करणारं यंत्र उपग्रहात बसवलं, पण बंद ठेवलं, आणि २० दिवस घड्याळ नुसतं चालू दिलं. अंदाज होता एक लाख कोटीत ४४६.५ भागांचा, मोजमाप आलं ४४२.५. मग दुरुस्तीचं यंत्र सुरू केलं. आज जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाऊ नयेत म्हणून जमिनीवरच मंद लावून वर पाठवतात. खुली चर्चा म्हणतात ती मला तरी हीच वाटते.

उंचीबरोबर घड्याळ जलद चालतं, हे आकाशात न जाताही खरं आहे. आपला झिरो माइल समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. तिथे आणि मुंबईच्या किनाऱ्यावर सारखीच अणुघड्याळं ठेवली तर वर्षाकाठी नागपूरचं घड्याळ साधारण एक मायक्रोसेकंद पुढे जाईल. हे गणित बारावीच्या मुलालाही करता येतं आणि ते करताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

"पण विरोधी पुरावा आला तर शास्त्रज्ञ दाबतात ना?" हा पुढचा प्रश्न. सापेक्षतावादानुसार प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधून इटलीकडे, ७३० किलोमीटरवर पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं ऑपेरा या प्रयोगाच्या गटाने स्वतःच जगाला सांगितलं आणि चूक शोधा म्हणून आवाहन केलं. काही महिन्यांत एक नीट न बसलेली ऑप्टिकल केबल सापडली. दुसऱ्या गटानेही वेग मोजला, तो प्रकाशाइतकाच निघाला. यात दाबलेलं काय?

आणि आइन्स्टाईनला पर्याय शोधणं आजही प्रतिष्ठेचं काम आहे. आपले जयंत नारळीकर घ्या. १९६४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि विश्व महास्फोटातून सुरू झालं या कल्पनेशी ते आयुष्यभर भांडले. बहुतेकांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण जगाने ते ऐकलं, कारण समीकरणं मांडलेली होती आणि ती तपासता येत होती. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच ताणत-दाबत जाणारे तरंग) आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोचले. या दोन्हींचा वेग वेगळा मानणारे कित्येक पर्यायी सिद्धांत त्या दिवशी बाद झाले. ते मांडणारे चांगले अभ्यासक होते. सापेक्षतावादही पुरा झालेला नाही. कृष्णविवराच्या केंद्राशी त्याची समीकरणं कोलमडतात आणि पुंजयामिकीशी, म्हणजे अणूंच्या जगाच्या क्वांटम मेकॅनिक्सशी, त्याचा मेळ अजून बसलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. आइन्स्टाईन कुठे कमी पडतो, तेही तिथल्या मोजमापांत शोधलं जाईल. त्या कामात विदर्भ-मराठवाड्यातली मुलं असावीत, ही माझी फार इच्छा आहे.

सिंचन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या वर्षी जाडजूड वही घेऊन माझ्या घरी आले. सापेक्षतावाद खोटा ठरवणारी वही. अक्षर सुरेख आणि गणितात मेहनत. दुपारभर आम्ही ती पानापानाने वाचली. मग मी बुधाचं विचारलं. ते वहीत नव्हतं. रागावले नाहीत, "करून आणतो" म्हणाले. दिवाळीनंतर आले ते ४३ घेऊनच, आणि मी त्यांना गेर्बरची गोष्ट सांगितली. आता ते प्रकाशाच्या वाकण्याचं गणित करताहेत. झालं की ओळ न् ओळ तपासून देईन, असं मी त्यांना कबूल केलं आहे. तुमच्याकडे अशी वही असेल तर तुम्हीही आणा.