सहा फुटबॉल आणि एक स्टॉपर

मागच्या सीझनआधी आमच्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला, "भाऊ, आता तू आपला स्पोर्टिंग डायरेक्टर." म्हणजे खेळाडू हेरून क्लबात आणणारा. बारा वर्षं स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, खेळलो, गुडघा गेला तसे बूट टांगले. एवढ्या भारी नावानं मला कुणी कधी हाक मारली नव्हती. पगार शून्य, पेट्रोल घरचं.

डोक्यात स्पेनच्या सेविला क्लबचा मोंची होता. फारसं नाव नसलेला गोलकीपर. क्लब खालच्या डिव्हिजनला घसरला त्याच वर्षी, 2000 साली, स्पोर्टिंग डायरेक्टर झाला. डानी आल्वेससारखी पोरं स्वस्तात आणली, महागात विकली, आणि 2006 ते 2016 मध्ये क्लबनं युएफा कप, ज्याचं पुढे युरोपा लीग झालं, पाच वेळा उचलला. मला वाटलं, आपणही कामठीच्या ग्राउंडवर कडेला बसायचं आणि पोट्टे हेरायचे.

पहिला महिना झेरॉक्सच्या दुकानात गेला. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे ऑनलाइन नोंदणीवर, प्रत्येक खेळाडूचं नाव चढवायचं होतं. आधारवर 'मोहम्मद', जन्मदाखल्यावर 'मो.', टीसीवर तिसरंच काही. एकाची जन्मतारीख दोन कागदांवर दोन वेगळ्या सालांतली. आईला विचारलं तर म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, साल तुम्हीच पाहा."

खरी कसोटी कामठीच्या एका स्टॉपरची. उंच, दोन्ही पायांनी खेळणारा, हवेतला बॉल सोडत नाही. सीताबर्डीवर चहा पिताना हो म्हणाला. नाव टाकायला बसलो तर पडद्यावर जुन्या क्लबचं नाव! दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा स्पर्धेसाठी सही केली होती, मग तिकडे फिरकला नव्हता. त्यांनी सोडल्याशिवाय आमच्याकडे येणं नाही, आणि खिडकी, म्हणजे क्लब बदलायची मुदत, बंद व्हायला नऊ दिवस.

त्या क्लबच्या सेक्रेटरींकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा ते भेटलेच नाहीत. दुसऱ्यांदा तर्री-पोहा खाऊ घातला आणि विषयच काढू दिला नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "पोट्ट्याले आम्ही घडवलं नं. तू त खेळणारा माणूस, तुले समजलं पाहिजे." मला समजत होतं, तीच अडचण. मी असतो तरी सोडला नसता. शेवटी मागणी आली, सहा फुटबॉल, चांगल्या शिलाईचे. क्लबकडे पैसे नव्हते. चार माझ्या खिशातून, दोन कोचनं दिले, तेही महिनाभर न बोलता. त्याला स्टॉपर नकोच होता, स्ट्रायकर हवा होता. कोचला येता रविवार दिसतो आणि मला पुढचे तीन सीझन बघायचे असतात. एकेकाळी आम्ही दोघं एकाच डिफेन्समध्ये खेळायचो, आता सरावाला एकमेकांकडे पाठ करून उभे.

खिडकी बंद व्हायच्या आदल्या रात्री साडेदहाला नाव चढलं.

जुन्या क्लबचं 'आम्ही घडवलं' मात्र डोक्यातून जाईना. फिफाच्या नियमात खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला की किमतीतले पाच टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. 12 ते 15 ला वर्षाला पाव टक्का, पुढे अर्धा. आपल्या मोहल्ल्यातून कोण विकला जातो म्हणा! तरी दोनशे पानी वही आणली. कोणता पोट्टा कोणत्या वयात आला, किती वर्षं राहिला, सगळं लिहितो. पहिल्या पानावर त्या स्टॉपरचं नाव आहे, आणि 'आधी कुठे' या रकान्यात त्या क्लबचं. सहा फुटबॉलची पावतीही तिथेच चिकटवली आहे.