सुपरहिरोइनचा मुंढा

नौपाड्यात एकवीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. सुपरहिरोंशी माझा संबंध लहानपणी रद्दीवाल्याकडून आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळापुरता. पण गेल्या महिन्यात ऐरोलीची भाची मोबाइल नाचवत दुकानात आली. कॉलेजात वेशभूषा स्पर्धा होती. "मावशी, मला वंडर वुमन शिवून दे."

चित्र बघून मी आधी विचारलं, "हे अंगावर राहतं कशाच्या जिवावर?" खांद्याला पट्टी नाही, गळ्यात दोरी नाही. तरी मांजरपाटाचा नमुना बेतला, आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या, मागे हुकांची दुहेरी ओळ लावली आणि म्हटलं, "चल, गोळ्या अडव." वंडर वुमन मनगटावरच्या कड्यांनी गोळ्या अडवते, तशी मनगटं पुढे करून तिने दोन अडवल्या. तिसऱ्या गोळीला दोन्ही हात नमुना सावरायला गेले. म्हणजे मेलीच की!

ही वंडर वुमन कॉमिकमध्ये 1941 साली जन्मली. तिला घडवणारा विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. बायकांच्या प्रतिमेत ताकदच दिसत नसेल तर मुलींनाही मुलगी व्हावंसं वाटणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चांगलंच. पण त्याच्याच गोष्टींमध्ये ती सारखी दोरखंडांनी बांधलेली दिसते. सुरुवातीला तिला चांदण्यांचा घेरदार स्कर्ट होता, त्याची लवकरच चड्डी झाली. कापड कमी करताना तिला कुणी विचारलं नसणार.

भाची मग रोज काहीतरी दाखवायला लागली. कॅरल डॅनव्हर्स म्हणून एक आहे, वैमानिक. तिला वर्षानुवर्षं काळा स्विमिंगचा पोशाख आणि मांडीपर्यंतचे बूट. विमान चालवणाऱ्या बाईला! 2012 मध्ये ती 'कॅप्टन मार्व्हल' झाली तेव्हा कुठे तिला अंगभर सूट मिळाला. आणि 2014 मध्ये स्वतःचं कॉमिक मिळालेली कमला खान, न्यू जर्सीतली पाकिस्तानी घरातली पोरगी. तिला शक्ती मिळते तेव्हा ती आधी त्या जुन्या कॅरलसारखीच होऊन बसते आणि बूट चावतात, चड्डी रुततेय म्हणून वैतागते. मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले. पुढे ती आपल्या बुर्किनीचाच, म्हणजे पोहायच्या अंगभर कपड्याचाच, पोशाख करते. घरातलं कापड काढायचं आणि त्यातून काम भागवायचं, हे मला लगेच पटलं.

भाचीने आणखी एक नाव सांगितलं, गेल सिमोन. ही आधी केस कापणारी बाई. म्हणजे आमच्याच जातकुळीतली, पार्लरवाली. 1994 च्या एका ग्रीन लँटर्न कॉमिकमध्ये हिरोला स्वतःच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. हिरोला चीड यावी म्हणून मारल्या गेलेल्या, लुळ्या केलेल्या बायकांची यादीच सिमोनने 1999 मध्ये इंटरनेटवर टाकली. पुढे तिनेच वंडर वुमन लिहिली, बॅटगर्लही लिहिली. गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय हे खुर्चीमागे उभी राहणारी बाई बरोबर ओळखते.

बॅटगर्लही त्या यादीत बसणारी. 1988 मध्ये तिला गोळी घालतात ती तिच्या बापाला छळायला, आणि मग पुढची कित्येक वर्षं ती व्हीलचेअरवर. पण 2014 मध्ये तिला नवा पोशाख दिला: जांभळं लेदर जॅकेट, टिचबटणांनी लावायची आणि काढायची केप, पिवळे जाड तळाचे बूट. तो बघताच मी म्हटलं, हे शिवते! हे एखादी मुलगी खरंच घालून बाहेर पडेल.

जांभळी नाक्यावरून रेक्झिन आणलं. अठरा नंबरची सुई लावली तरी मशीनचा पाय चिकटायचा, म्हणून त्याच्या तळाला सेलोटेप लावली. रेक्झिनवर उसवायची सोय नाही, भोकं तशीच राहतात. आणि नेमका मुंढाच, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, मी ब्लाउजच्या सवयीने घट्ट कापला. हात खांद्याच्या वर जाईना. बॅटगर्ल दोरी कशी फेकणार? शेवटी काखेत काळ्या होजियरीचं चौकोनी ठिगळ दिलं. भाची म्हणाली, डिझाइनच वाटतंय. वाटू दे.

केपची टिचबटणं पाच वेळा उघडून-लावून झाली. मग ती आरशासमोर कमरेवर हात फिरवत राहिली.

"मावशी, खिसा?"

चित्रात पट्ट्याला पाकिटं आहेत, जॅकेटला खिसा आहे की नाही ते मी बघितलंच नव्हतं. आतल्या बाजूने अस्तराचे दोन दिले, एक मोबाइलचा, एक लोकलच्या पासचा. ती ते जॅकेट घालूनच ठाणे स्टेशनला गेली, केप पिशवीत.

अर्धा मीटर रेक्झिन उरलंय. समोरच्या काकूंना त्याची भाजीची पिशवी हवीय.