एकटी जातेस, मग सरळ हॉटेल का घेत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. म्हणजे तुम्ही एकट्यांनीच विचारलंय असं नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत भेटलेल्या वर्गमैत्रिणीनं, जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी आणि प्रत्येक सुट्टीच्या आधी आमच्या दादानं हाच प्रश्न विचारलाय: फिरायला गेल्यावर हॉटेल सोडून कुणाच्या तरी भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन कशाला राहतेस? एकटी का जातेस, हे विचारायचं मात्र आता सगळ्यांनी सोडलंय. दमले असतील.

तुम्हाला वाटतं, स्वस्त पडतं म्हणून. एकट्या माणसाला ते नेहमी स्वस्त पडत नाही. फ्लॅटमध्ये चौघं राहा नाहीतर एकटी राहा, बहुतेक ठिकाणी भाडं तेवढंच. वर साफसफाईचे पैसे वेगळे, ते मुक्कामामागे एकदाच. समजा रात्रीचे १,२०० आणि साफसफाईचे ९००. दोन रात्रींचे झाले ३,३००, म्हणजे रात्रीला १,६५०. तोच फ्लॅट सहा रात्री घेतला तर ८,१००, म्हणजे रात्रीला १,३५०. ज्या ॲपवरून फ्लॅट बुक करतो त्याचं शुल्क यात धरलेलंच नाही. म्हणून मी एक गाव धरते आणि तिथंच आठवडाभर पडून राहते. दोनच रात्री जायचं असेल तर हॉटेलच घ्या, हे मीच सांगते. आमचे भाऊजी नव्या पेठेत करसल्लागार आहेत. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरात १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हापासून ते मला टोचतात, "आता तरी हॉटेलात राहा की!" हिशेबात भाऊजींना खोटं पाडता येत नाही.

पण मला शुगर आहे. गोळीच्या वेळेला पोटात काहीतरी जावं लागतं, आणि तिन्ही त्रिकाळ हॉटेलचं खाऊन चौथ्या दिवशी माझं डोकं फिरतं. फ्लॅटमध्ये शेगडी असते. निघताना मी ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीची पुडी बॅगेत सगळ्यात वर ठेवते. नव्या गावात पहिल्या रात्री जेवण शोधत फिरायची वेळ येत नाही. चुरलेल्या भाकरीवर गरम आमटी ओतली की झालं. हे कारण मी सगळ्यांना सांगते, कारण आजाराचं नाव घेतलं की लोक गप्प बसतात.

दुसरं कारण सांगायला जड जातं. हॉटेलच्या काउंटरवर "मॅडम, सोबत कोण?" हा प्रश्न येतो. "कुणी नाही" म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबून रजिस्टरऐवजी माझ्याकडे बघतो. पुढं कॉरिडॉरमधून जाताना, चहा मागवताना, रात्री उशिरा परतताना ते बघणं चालूच राहतं. सगळीकडे असं होतं असं नाही, पण मला ते नकोच होतं. फ्लॅट म्हणजे किल्ली आपली, दार आपलं, मध्ये कुणी नाही, असा माझा सिद्धांत होता. स्टाफरूममध्ये मी तो फार ठासून मांडायचे. मग म्हैसूर झालं.

म्हैसूरच्या गोकुलम भागात योग शिकायला परदेशी लोक येतात, महिना महिना राहतात, त्यामुळे तिथं भाड्याचे फ्लॅट पुष्कळ. मी एक स्वस्तातला एक बेडरूमचा घेतला होता, पैसे आधीच भरलेले. बंगळुरूला मैत्रिणीकडे उतरून रविवारी दुपारी बसनं म्हैसूरला पोचले. रविवार मुद्दाम निवडला होता, कारण दर रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लावतात. बॅग टाकायची, अंघोळ करायची आणि राजवाड्यासमोर जाऊन उभं राहायचं, एवढाच बेत.

किल्ली वॉचमनकडे होती, पण तो ती देईना. मालक बंगळुरूला, त्यानं सोसायटीला काही कळवलेलंच नव्हतं. वॉचमननं सेक्रेटरींना बोलावलं. साठीपुढचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, माझ्याशी इंग्रजीत अगदी अदबीनं बोलत होते. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, पाणी दिलं. मी आधार दाखवलं, मास्क केलेलं, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. तेही त्यांना खटकलं. बाकीचे आकडे का झाकलेत म्हणाले. ही सोय आधारवाल्यांनीच दिलीय, हे समजावण्यात वेळ गेला. तेवढ्यात योगाची चटई काखेत घेतलेली एक गोरी मुलगी फाटकातून आत गेली. तिला कुणी हटकलं नाही. बहुतेक जुनी भाडेकरू असेल, असं मी मनाशी म्हटलं.

मग ते वॉचमनकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले, "ओब्बळे बंदिद्दाळे, यारिगे गोत्तु..." एकटीच आलीय, कुणास ठाऊक. पुढचं वाक्य रात्री कोण कोण येईल याबद्दल होतं. ते मी इथं लिहीत नाही.

सोलापूरच्या माणसासमोर कन्नड बोलून काही लपत नाही, हे त्यांना कुठून कळणार? आमच्या चाळीत अर्धी घरं कन्नड बोलणारी, उरलेल्यांत निम्मी तेलुगू. मी म्हटलं, "ननग कन्नड बर्तद री." माझं कन्नड आपल्याकडचं, रांगडं. ते दचकले, पण ओशाळले नाहीत. उलट सूर मऊ करून म्हणाले, "मग तर तुम्ही आपल्याच. घरच्या कुणाचा तरी नंबर द्या, वडिलांचा, मिस्टरांचा. आम्ही विचारतो आणि मोकळे होतो."

वडील गेले, लग्न केलं नाही, वय सत्तेचाळीस. वर्गात पन्नास मुलांच्या जबाबदारीची सही मी एकटी करते. हे सगळं तोंडावर आलं होतं. बाहेर अंधार पडत होता, घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि मला फक्त अंघोळ करायची होती. मी दादाचा नंबर दिला.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. दादा आधी घाबरला, मला काही झालं की काय म्हणून. मग सगळं ऐकून हिंदीत म्हणाला, "हां जी, मेरी बहन है. अच्छे घर की है."

किल्ली मिळाली.

फ्लॅट उत्तम होता, हे सांगायलाच हवं. आतून पितळेची जाड कडी, भांडी घासलेली, नळाला पाणी. मी मुगाची खिचडी टाकली. राजवाड्यावरचे दिवे तोवर विझले असणार. दादाचा पुन्हा फोन आला, तो मी उचलला नाही. सकाळी उचलला. तेव्हा त्यानं पहिलं वाक्य म्हटलं ते हेच, जे तुम्ही विचारता: "अगं, हॉटेल का घेत नाहीस?"

त्याच्यावर रागावू कशी? त्यानं माझं काम केलं. आणि तरी "अच्छे घर की" हे माझ्या दारात उभं राहून कुणीतरी माझ्या वतीनं सांगितलं, त्यावर मला खोली मिळाली, पैसे माझे असून. हॉटेलात निदान काउंटरवरचा पोरगा माझ्या भावाला फोन लावत नाही. म्हणजे माझा सिद्धांत गेला का? स्टाफरूममधली ती ठासून बोलणारी मी म्हणते, गेला नाही, एक सोसायटी वाईट निघाली. आताची मी म्हणते, बाई, फ्लॅटच्या दाराआधी फाटक असतं, ते तू मोजलंच नव्हतंस. दोघींचं अजून जमलेलं नाही. सहा रात्री मी तिथंच राहिले, हेही सांगते. पैसे परत मिळणार नव्हते हे एक. आणि तिसऱ्या सकाळी त्याच वॉचमननं न सांगता दुधाची पिशवी दाराला अडकवून ठेवली होती. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता निवडताना काय बघते, हेही विचारता म्हणून सांगते. सुरुवातीला दिसणारा भाव सोडून द्या, पैसे भरायच्या पानावरची एकूण रक्कम बघा. पाच ताऱ्यांचे अभिप्राय मी वाचत नाही, तीनवाले वाचते. त्यांना राग नसतो, तक्रार असते. एकट्या बाईनं लिहिलेला असेल तर दोनदा. नेमका पत्ता बहुतेक वेळा बुकिंगनंतरच कळतो, आधी नकाशावर नुसतं वर्तुळ, म्हणून बसथांबा किती लांब आणि रात्री नऊनंतर खाली कुठलं दुकान उघडं असतं, हे आधीच विचारते. दाराच्या आतल्या कडीचा फोटो मागते. कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत कुणी सांगावं. कडी फक्त आतून लागते. पाण्याचं तर विचारतेच, आम्ही चार-पाच दिवसांआड पाणी भरणारी माणसं. कॅमेऱ्याचंही. एअरबीएनबी या घरं बुक करायच्या ॲपनं २०२४ च्या एप्रिलअखेरीपासून घराच्या आतल्या सगळ्या कॅमेऱ्यांवर बंदी घातलीय. थेट मालकाकडून घेतलेल्या घराला ॲपचा हा नियम लागू होत नाही. बोलणं आणि पैसे दोन्ही ॲपमध्येच, व्हॉट्सॲपवर स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला नमस्कार.

आणि म्हैसूरनंतर एक नवीन प्रश्न: तुमच्या सोसायटीला माहीत आहे का, आणि एकटी बाई येणार हे फाटकावर लेखी कळवाल का? यावर निम्मे मालक उत्तरच देत नाहीत. त्यामुळे स्वस्तातली बरीच घरं हातची जातात आणि उरतात ती महाग पडतात. भाऊजींना हे सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीसाठी कोचीत एक घर बघून ठेवलंय. मालकिणीनं कडीचा फोटो लगेच पाठवला, कडी चांगली आहे. सोसायटीचं विचारलं तर "नो प्रॉब्लेम" एवढंच उत्तर. त्यात मला काही कळलं नाही, म्हणून काल पुन्हा विचारलंय.