तुम्ही विचारलंत म्हणून : जपानी ठशांमधली ती लांब नाकं

छापचित्रांच्या वर्गात योकोहामाचे ठसे (म्हणजे या जपानी बंदरातल्या परदेशी लोकांची, लाकडावर कोरून छापलेली चित्रं) दाखवले की एक प्रश्न हमखास येतो : ‘गोऱ्यांची एवढी लांब नाकं, एवढ्या दाढ्या! जपान्यांनी त्यांची टिंगलच केली आहे ना?’ इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

टिंगल होती, पण ती आधीच्या चित्रांत, आणि तिच्यात भीती मिसळलेली होती. १८५३ साली कमोडोर पेरी चार अमेरिकन युद्धनौका घेऊन एदोच्या (आजच्या तोक्योच्या) उंबरठ्यावर येऊन ठाकला. त्यानंतर परवानगीविना छापलेली एकपानी बातमीपत्रं भराभर निघाली. त्यांत पेरी कधी लांबनाक्या तेंगू पिशाच्चासारखा दिसतो. काही चित्रांत तर त्याच्या डोळ्यांचा पांढरा भागच निळा रंगवलाय. परक्यांचे डोळे निळे असतात एवढंच कानावर आलेलं. पाहिले होते कुणी?

तुम्ही विचारता ते योकोहामाचे ठसे त्यानंतरचे. १८५८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि नेदरलँड्सशी करार झाले, पुढच्या वर्षी योकोहामा बंदर खुलं झालं. तोवर ते कोळ्यांचं गाव. एदोहून तीसेक किलोमीटर, म्हणजे दिवसभराची चाल. १८६० आणि ६१ मध्ये एदोच्या प्रकाशकांनी परदेशी माणसांच्या चित्रांचा धडाकाच लावला. ही चित्रं सरकारी तपासणीतून जात. तपासणीच्या शिक्क्यात वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे कुठलं चित्र कधीचं ते आजही नेमकं कळतं.

आता नाकाबद्दल. लाकडावर कोरताना नाक म्हणजे एक रेघ. यातले बरेचसे चित्रकार उतागावा घराण्यातले. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची चित्रं हा या घराण्याचा मुख्य धंदा. त्या नटांची नाकं आणि जबडे नीट पाहा. ती चित्रं रसिक हौसेनं विकत घेत, आणि त्यांना कुणी टिंगल म्हणत नाही. तीच सवयीची रेघ परदेशी चेहऱ्यावर आली. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण नाकावर अडकलेली नजर बाकीच्या चित्रापर्यंत पोचतच नाही.

सादाहिदे या चित्रकाराचं १८६१ चं पाच कागद जोडून केलेलं चित्र घ्या. जहाजावर माल चढतोय, फळ्यांवरून माणसांची ये-जा चालू आहे, खलाशी डोलकाठीच्या दोरांवर चढलेत. तो दोर न् दोर कुणीतरी उलट्या बाजूनं लाकडात कोरलाय! इतकी मेहनत हेटाळणीसाठी कुणी करत नाही. इतर चित्रांत शिवणयंत्र, स्वयंपाकघर, मुलाला घेतलेली आई, पाळीव कुत्रा. परदेशी माणूस घरात कसा राहतो, याचं केवढं कुतूहल!

सगळेच सादाहिदेइतके निरखणारे नव्हते. अनेकांनी लंडनच्या सचित्र वृत्तपत्रांतली चित्रं समोर ठेवून काम भागवलं. १८६० मध्ये एदोत बिबट्या दाखवायला आणला, तर चित्रांत तो ‘वाघ’ म्हणून गेला. पण चूक वेगळी आणि कुत्सितपणा वेगळा.

परक्यांबद्दल सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. त्याच काळात सामुराई परदेशी लोकांवर तलवार चालवत होते. १८६२ मध्ये योकोहामाजवळ नामामुगीला रिचर्डसन हा इंग्रज व्यापारी मारला गेला. तरी हे ठसे विकत घेणारी माणसं शहरातली साधी माणसं होती, आणि त्यांना बघायचं होतं.

जाता जाता : या ठशांच्या अडीचशे-तीनशे वर्षं आधी गोव्याहून मकाऊमार्गे नागासाकीला जाणारे पोर्तुगीज जपानी चित्रकारांनी घडीच्या पडद्यांवर रंगवले, फुगीर विजारींसकट. ते पडदे श्रीमंतांच्या घरात राहिले. योकोहामाचा ठसा मात्र सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारा होता.

आणि या ठशांतल्या चिनी लोकांबद्दल सहसा कुणी विचारत नाही, ते विचारा. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या जवळपास लांब वेणीचा चिनी माणूस अनेकदा दिसतो. जपानी लिखाणातही चिनी अक्षरं असल्यानं जपान्यांशी तो कुंचल्यानं लिहून बोलू शकत होता, आणि बंदरातले कितीतरी सौदे त्याच्याच मध्यस्थीनं होत.