मक्याच्या शेतातला तंबू

रविवारची उपासना संपली की आमच्या चर्चच्या तळघरात जेवण असतं. ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा आणि लांब टेबलावर मांडायचा. आमचा मटार पुलाव ठरलेला. मागच्या महिन्यात कॉफी पिता पिता कुणीतरी विषय काढला, की एकच रात्र मिळाली आणि जुना कुठलाही ख्रिस्ती रॉक बँड पुन्हा एकत्र आणता आला, तर कुणाला आणाल? त्यानंतर तासभर कुणी जागचं हललं नाही.

मी इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला राहतो. इन्शुरन्स कंपन्यांमुळे इथं बरीच मराठी माणसं आहेत, पण ख्रिस्ती रॉक हा विषय त्यांच्याशी बोलताना सहसा निघत नाही. गिटार, ड्रम, कानठळ्या बसवणारे स्पीकर आणि गाण्यात येशू, हे ऐकूनच लोकांना नवल वाटतं. अमेरिकेतही ते एके काळी असंच वाटायचं. लॅरी नॉर्मन नावाचा खांद्यापर्यंत पिवळे केस रुळणारा तरुण 1969 मध्ये ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम घेऊन आला. ख्रिस्ती रॉकची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मानतात. त्या वेळी कितीतरी पाळकांना ही सैतानाची चाल वाटली होती. त्याच लॅरीचा 1972 चा ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’ पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसनं देशाच्या जतन करायच्या ध्वनिमुद्रणांमध्ये घेतला. लॅरी 2008 मध्ये गेला.

मला हे सगळं परकं वाटलं नाही, कारण मी नगरचा. आता अहिल्यानगर म्हणतात, पण घरी फोनवर अजून ‘नगर’च तोंडात येतं. आमच्याकडे ‘उपासना संगीत’ हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उशाशी असायचं, आणि त्यातली आजीची आवडती गीतं म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांची. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरं ती मान राखून म्हणायची. टिळकांचं गीत आलं की मात्र तिचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायचा. ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही आमच्या नगरचीच. आपल्या माणसांच्या कानाला जे गोड लागतं त्यातूनच शुभवर्तमान सांगायचं, हे टिळकांना कळलं होतं, आणि टिळक गेले 1919 मध्ये. त्यामुळे लॅरी नॉर्मनची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आजीचा तो हात आठवला.

तर तळघरातली चर्चा. आमच्या मंडळीत बास गिटार वाजवणारे एक आजोबा आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘रेझ.’ म्हणजे रेझरेक्शन बँड. 1972 मध्ये मिलवॉकीत जमलेली ही मंडळी पुढे शिकागोच्या अपटाउन भागात, जीझस पीपल यूएसए या समुदायात राहायला आली. सगळ्यांचं घर एक आणि सगळ्यांची कमाईही एकाच थैलीत. ग्लेन कायझर आणि त्यांची पत्नी वेंडी दोघंही गायचे. ग्लेन यांचा आवाज खरबरीत, ब्लूज मुरलेला. 1979 च्या ‘रेनबोज एंड’ अल्बममध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर गाणं केलं होतं. ते आठवून आजोबा म्हणाले, ‘तेव्हा आमच्या चर्चमध्ये यावर कुणी बोलतही नव्हतं.’

पुढच्या रविवारी ते बुटांचं एक खोकं घेऊन आले. आत कॅसेटी. एका कॅसेटच्या कव्हरची घडी इतकी विरली होती की ती उलगडताना त्यांनी श्वास रोखून धरला. आतल्या कागदावर पेन्सिलीनं तारीख होती आणि कोपऱ्यात चिखलाचा वाळलेला, तांबूस डाग. ‘बुशनेल,’ ते म्हणाले, आणि डागावरून हलकेच बोट फिरवलं.

बुशनेल आमच्यापासून पश्चिमेला गाडीनं दोनेक तासांवर आहे. चहूबाजूंना मका आणि सोयाबीन. जीझस पीपलच्या मंडळींनी 1984 मध्ये कॉर्नरस्टोन नावाचा संगीत महोत्सव सुरू केला. आधी तो शिकागोजवळच्या ग्रेसलेकला व्हायचा, 1991 पासून बुशनेलजवळच्या शेतावर आला आणि 2012 मध्ये बंद झाला. जुलैच्या रणरणत्या उन्हात माणसं तंबू ठोकून राहायची. पाऊस आला की चिखल, नाहीतर नाकातोंडात धूळ. मी अमेरिकेत आलो तोवर तो संपला होता. याची हळहळ मला अजून वाटते. आजोबांचं स्वप्न साधं आहे. त्याच शेतावर, त्याच महिन्यात, त्याच तंबूत रेझचे सगळे जण उभे राहावेत, आणि ध्वनियंत्रणा आजची नको, तेव्हाचीच हवी.

पेट्राला बरीच मतं पडली. पेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये खडक. इंडियानातल्या फोर्ट वेनला 1972 मध्ये बॉब हार्टमन यांनी हा बँड उभा केला. यात दोन तट आहेत आणि दोन्ही हट्टी. एका तटाला आधीचे गायक ग्रेग व्होल्झ हवेत, दुसऱ्याला त्यांच्या जागी 1986 मध्ये आलेले जॉन श्लिट. श्लिट आधी हेड ईस्ट या गाजलेल्या रॉक बँडमध्ये होते. तिथं व्यसनानं पुरते पोखरले गेले, मग येशूकडे वळले आणि संगीत सोडून नोकरीला लागले. तिथून पेट्रानं त्यांना परत आणलं. मी त्यांच्याच बाजूचा. बुडता बुडता वर आलेल्या माणसाच्या वरच्या पट्टीतल्या सुरात जे असतं ते मला दुसरीकडे ऐकू येत नाही. हा बँड 2005 च्या अखेरीस निवृत्त झाला आणि पन्नाशीच्या निमित्तानं पुन्हा रस्त्यावर आला, म्हणजे काही स्वप्नं खरी होतातही. प्रेक्षकांत बायबलं फेकणाऱ्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या स्ट्रायपरचंही नाव निघालं, पण ते तर अजून वाजवतायत.

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, ‘रिच मलिन्स आणि त्यांचा रॅगमफिन बँड.’ टेबल एकदम शांत झालं.

रिच यांना निव्वळ रॉकवाले म्हणता येणार नाही. ते हॅमर्ड डल्सिमर वाजवायचे. हे वाद्य आपल्या संतूरचं भावंडच, तारांवर हलक्या काठ्यांनी वाजवायचं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा क्षणभर पंडित शिवकुमार शर्मांचीच आठवण झाली. रिच यांची गाणी देशभर गायली जायची, तरी त्यांनी आपल्या हिशेबनिसाला सांगून ठेवलं होतं, की मला साध्या कामगाराइतका पगार द्या, उरलेलं वाटून टाका. शेवटची वर्षं ते नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या भागात राहून मुलांना संगीत शिकवत होते.

सप्टेंबर 1997 मध्ये एका ओस पडलेल्या चर्चमध्ये बसून त्यांनी येशूच्या जीवनावरची नऊ गाणी साध्या कॅसेट रेकॉर्डरवर टेपली. पुढे स्टुडिओत बँडसोबत ती नीट करायची होती. 19 सप्टेंबरला कार्यक्रमासाठी विचिटाकडे निघालेले असताना आमच्या इलिनॉयमधल्याच लॉस्टंट गावाजवळ, इंटरस्टेट 39 या महामार्गावर त्यांची जीप उलटली आणि ते गेले. वय 41. बँडच्या मित्रांनी ती गाणी त्यांच्यामागे पुरी केली, आणि 1998 मध्ये ‘द जीझस रेकॉर्ड’ दोन डिस्कवर निघाली. एकीवर बँड, दुसरीवर तीच कॅसेट.

मला हवी असलेली रात्र ही आहे. ती नऊ गाणी, तोच बँड, आणि मधोमध रिच. स्टेडियम नको, दिव्यांची रोषणाई नको. त्या ओस पडलेल्या चर्चच्या बाकांवर मावतील तेवढीच माणसं. मी आजीलाही घेऊन गेलो असतो. शब्द तिला कळले नसते, पण तिचा हात मांडीवर पडला असता हे मला पक्कं ठाऊक आहे.

इंटरस्टेट 39 हा माझा नेहमीचा रस्ता. उत्तरेला जायचं तर तोच. ब्लूमिंग्टनहून निघालं की पाऊणएक तासात लॉस्टंटची पाटी येते. गेल्या शनिवारी बास वाजवणारे आजोबा शेजारी बसले होते. पाटी दिसायच्या आधी त्यांनी न विचारताच दुसरी डिस्क लावली, ती कॅसेटवाली. पियानो, त्याखाली टेपची खरखर, आणि एकट्या माणसाचा आवाज. बाहेर मका कापून झाला होता, राने मोकळी पडली होती. पाटी मागे गेली तरी आम्ही दोघंही काही बोललो नाही. गाणं संपल्यावर आजोबांनी बटण दाबून ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.