चोरलच्या जंगलात थार फसली त्याची गोष्ट

पहिले हे सांगून देतो की आम्ही इंदूरचे मराठी लोक गाडी चिखलात अडकली की "गाडी फसली" म्हणतो. पुण्याचा माझा मावसभाऊ निखिल सोबत होता, तो यावर पोट धरून हसला, म्हणे फसली म्हणजे काय, कोणी फसवलं तिला? आमच्याकडे असंच म्हणतात भिया, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ती फसलीच होती, दोन्ही अर्थांनी.

महिंद्राची थार, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह जीप, घेऊन चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत तिनं सगळ्यात अवघड काय पाहिलं असेल तर राजवाड्याचं पार्किंग. माझा मित्र शेखर, त्याच्याकडे मारुतीची १९९८ ची जिप्सी किंग आहे, तो गेली पंधरा वर्षं विंध्याच्या उतारावर गाड्या फिरवतोय, त्याला कितीदा म्हटलं की एकदा नीट जंगलात घेऊन चल. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारचं ठरलं. मी, निखिल, शेखर आणि सचिन. सचिनकडे फक्त खाण्याचं डिपार्टमेंट होतं आणि ते त्यानं इतकं मनावर घेतलं की बाफल्यांचं (आधी उकळून मग शेकतात ते कणकेचे गोळे) पीठ मळून, कंडे म्हणजे गोवऱ्या पोत्यात भरून आणि वर माझ्याच आईचं पोळपाट मागून घेऊन आला, म्हणे सकाळी पुऱ्या करू. हे पोळपाट लक्षात ठेवा.

जायच्या आधी परवानगीचं काम. मला वाटलेलं जंगल म्हणजे कुठेही तंबू ठोका. शेखर म्हणाला, राखीव जंगलात विनापरवानगी घुसणं, चूल पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्यातच गुन्हा आहे, तसं करायचं नाही. मग त्याच्या ओळखीच्या एका पटेलांच्या शेतावर मुक्काम ठरवला. शेत जंगलाला अगदी लागून आहे, खाली चोरल नदी. आणि नाक्यावर नाकेदारसाहेबांना, म्हणजे वनरक्षकांना, भेटून, नावं आणि गाड्यांचे नंबर लिहून देऊन मगच पुढे. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या, आग शेतातच पेटवा आणि निघताना पाणी ओतून विझवा, आणि खाण्याचं सामान तंबूत ठेवू नका, गाडीत ठेवा, बिबट्या फिरतो इकडे. निखिलनं ते "बिबट्या" हसत हसत ऐकलं. रात्री मात्र तंबूची चेन तो तीनदा तपासत होता.

सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालो, सिमरोल गेलं, भेरूघाट उतरायला लागलो आणि मला हौस आवरेना, मी घाटातच फोर हाय लावला, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना. मागून शेखरचा फोन. "डांबरावर फोर व्हील काढ आधी." मला वाटलं घाट आहे, जास्त ग्रिप मिळेल. तर तसं नसतं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधे डिफरेन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतं, वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, माती असली की चाक थोडं घसरून हिशोब बरोबर करतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण गिअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या डब्यावर, येतो. वळणावर गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी वाटत होती, ती हीच भानगड होती, मी समजत होतो गाडी दमदार आहे म्हणून!

कच्च्या रस्त्याला लागल्यावर दोनेक तास जे काय मजा आली ती लिहून सांगता येत नाही. साग, मधे मधे पळस, खाली नदीचं पात्र, दगडांवरून गाडी बकरीसारखी चढत होती. उतारावर फोर लो (चारही चाकांना ताकद, पण वेग कमी आणि जोर जास्त), पहिला गिअर, ब्रेकला पायच लावायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. हे पहिल्यांदा करताना पाय आपोआप ब्रेककडे जातो, मन मानत नाही.

आणि मग चार वाजता पटेलांच्या शेताची गाडवाट आली. शेवटचे दोनशे मीटर. शेखर मुरमाच्या बाजूने वरून वळसा घालून गेला. मला सरळ वाट दिसत होती, वरून सुकलेली, पापुद्रा धरलेली, चांगली करड्या रंगाची. मी म्हटलं वळसा कशाला. निखिल पण म्हणाला जाऊ दे रे, थार आहे. आता झालं असं होतं की बाजूच्या गव्हाला पटेलांनी रात्री मोटर लावून पाणी सोडलेलं, ते पाणी बांध फुटून वाटेवर आलेलं, आणि दिवसभराच्या उन्हानं वरची एक बोटभर माती वाळलेली. खाली सगळं लोणी. माळव्याबद्दल म्हणतात ना, "डग डग रोटी, पग पग नीर", ते नीर कुठे असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पुढची चाकं आत गेली तेव्हाच थांबलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. मी काय केलं, एक्सिलरेटर दाबला. मग घाईघाईत फोर हाय. परत दाबला. मग फोर लो, आणि परत दाबला. काळी माती टायरच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो, मग तो चार चाकांनी फिरो की चाळीस, फक्त खोदकाम होतं. तीन-चार मिनिटांत गाडी पोटावर टेकली. २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स शोरूममध्ये फार भारी वाटला होता.

शेखर चालत आला, काही बोलला नाही, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बंद कर. चहा ठेव सचिन." मला राग आला, साडेपाच-पावणेसहाला अंधार पडणार आणि हा चहा करतोय. पण तो चहा पिता पिता खाली वाकून बघत होता, कुठलं चाक किती खोल आहे, पोट कुठे टेकलंय, आणि ते बघितल्याशिवाय हात लावायचा नसतो हे मला नंतर कळलं. निखिलला मात्र एक गोष्ट दिसली जी मला आणि शेखरला दिसली नव्हती, पुढची चाकं पूर्ण डावीकडे वळलेली होती. मला वाटत होतं मी सरळ आहे! चिखलात स्टीअरिंग कुठे आहे ते हाताला कळत नाही, आणि वळलेलं चाक म्हणजे समोर भिंत उभी केल्यासारखं.

मग काम सुरू. आधी टायरची हवा, ३२ वरून १६ पीएसआय. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, वजन जास्त जागेत वाटलं जातं. मग फावडं. पोटाखालची माती काढायची, नाहीतर चाकं मोकळी असून गाडी पोटावर बसलेली राहते. फावडं एकच, माणसं चार, माती अशी की फावड्याला चिकटते आणि फेकली तरी पडत नाही, दर वेळी हातानं खरवडायची. पटेलसाहेब टॉर्च घेऊन आले, त्यांचा ट्रॅक्टर नेमका दुसऱ्या गावाला पेरणीसाठी गेलेला. ते पाच मिनिटं बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "पहिया घुमाओगे तो और नीचे जाओगे." मग स्वतःच जाऊन सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुश्याची, दोन पोती घेऊन आले.

कुटार आणि नदीतले चपटे दगड चाकाखाली घालायचे तर चाक आधी उचलायला हवं. जॅक लावला तर चाक वर येण्याऐवजी जॅकच खाली जायला लागला. जॅकखाली फळी हवी. फळी कोणाकडेच नाही. सगळे इकडे तिकडे बघतायत आणि सचिन हळूच म्हणाला, "पोळपाट चालेल का?"

मी नाही म्हणायच्या आत शेखरनं ते मातीत ठेवलं. सागाचं, तीन पायांचं, आईला लग्नात मिळालेलं. पाय मातीत रुतले आणि वरचा सपाट भाग मस्त बसला. मागचं उजवं चाक उचललं, कुटार, दगड, खाली सोडलं. मग मागचं डावं. तिसऱ्या चाकाला टॉर्चच्या उजेडात आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला, कट्. मधोमध दोन तुकडे. पण तोवर चाक उचललं गेलेलं होतं.

जिप्सी हजार किलोच्या आसपास, माझी थार सामानासकट पावणेदोन टनांवर, त्यामुळे जिप्सी एकटी ओढू शकत नाही हे शेखरनं आधीच सांगितलेलं. जिप्सी मुरमावर उभी केली, दोर गाडीच्या टो हुकला शॅकलनं, म्हणजे लोखंडी कडीनं, लावला, आणि दोरावर मधोमध ओली गोधडी टाकली, दोर तुटला तर तो चाबकासारखा उडतो, गोधडी त्याला खाली पाडते. बाकी दोघांना लांब, झाडामागे. मला सांगितलं, फोर लो, दुसरा गिअर, स्टीअरिंग सरळ, क्लच हळू सोड आणि एक्सिलरेटरला पाय लावलास तर उद्या सकाळपर्यंत इथेच. पहिल्यात चाक लवकर फिरून घसरतं म्हणून दुसरा. गाडी एकदा हलली, परत बसली. दुसऱ्यांदा हलली आणि मग कुटारावर चाकानं धरलं, मागून बुचासारखा आवाज आला आणि आम्ही बाहेर. साडेआठ वाजलेले.

बाफले रात्री अकराला खाल्ले. वरण जरा लागलेलं होतं, कोणी तक्रार केली नाही. थंडी मरणाची, डोक्यावर मृग नक्षत्र, आणि नदीच्या पलीकडून काहीतरी एकदाच ओरडलं, शेखर म्हणे भेकर, निखिल म्हणे घरी जाऊ. सकाळी पुऱ्या झाल्या नाहीत, कारण तुम्हाला माहीतच आहे. परतीला नदी ओलांडली, शेखर आधी काठी घेऊन चालत गेला, पाणी गुडघ्यापर्यंत, न थांबता एका गिअरमध्ये पार, काहीच झालं नाही. मग कॉम्प्रेसरनं चारही टायरला हवा भरण्यात पाऊण तास, कारण १६ पीएसआयवर डांबरी रस्त्याला पळवलं तर टायर तापून जातो.

खरी झोप उडाली ती पुढे. खंडवा रोडवर पासष्ट-सत्तरला स्टीअरिंग असं थरथरायला लागलं की हात सुन्न. मी समजलो एक्सल गेला. सोमवारी एका वर्कशॉपला दाखवली, त्यांनी गाडी वर उचलून पाच मिनिटांत सस्पेन्शन, अलाइनमेंट आणि अजून काय काय मिळून चौदा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. मी शेखरला फोन केला, तो संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी आला, गाडीखाली डोकं घातलं आणि चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूनं माती खरवडायला लागला. वाळून दगड झालेली. एका बाजूला किलो-दीड किलो माती चिकटली तर चाकाचा बॅलन्स जाणारच ना. चारही चाकांतून मिळून अर्धी बादली निघाली. रिंग रोडवर नव्वदला गेलो, स्टीअरिंग लोण्यासारखं.

परत आलो तर आई अंगणात. पोळपाटाचं तिला आदल्या दिवशीच कळलं होतं आणि ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. बादलीकडे बघून म्हणाली, कुठली माती? म्हटलं चोरलची, काळी. तिनं एक ढेकूळ हातात घेतलं, फोडून बघितलं आणि म्हणाली, "फेकू नकोस, कोथिंबिरीच्या कुंडीत घालते."